सोलापूरच्या हिवाळ्यात घरच्या घरी विज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की हे प्रश्न यायला लागतात आणि संक्रांतीपर्यंत येत राहतात. मुलांना घरीच शिकवणारे पालक विचारतात, शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालकही विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवते. माझी दोन्ही मुलं घरीच शिकतात. खालचं बहुतेक सगळं आमच्या गच्चीवर, स्वयंपाकघरात आणि एका पाहुण्यांच्या ज्वारीच्या रानात करून पाहिलेलं आहे. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. हिवाळ्यासाठी वेगळं विज्ञान कशाला? पुस्तक तर वर्षभर तेच असतं.

पुस्तक तेच असतं, हवा बदलते. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे १५ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा ३०च्या घरात जातो. एकाच दिवसात एवढा फरक, वर कोरडी हवा आणि आठवडेच्या आठवडे निरभ्र आकाश. उष्णता, बाष्पीभवन, स्थिर विद्युत, सावल्या, तारे या पाच विषयांना याहून चांगले दिवस वर्षात येत नाहीत. मे महिन्यात मुलाला दुपारी गच्चीवर नेता येत नाही आणि जुलैत तारे दिसत नाहीत. म्हणून मी हे विषय जूनपासून मुद्दाम राखून ठेवते.

२. व्हिडिओत हिवाळ्याचे प्रयोग म्हणजे बर्फाचा माणूस, नाहीतर हिमकण. आपल्याकडे बर्फ कुठला?

बर्फाची उणीव भासू देऊ नका. कापूस चिकटवून खोटा बर्फ करण्यात मुलाचा एक तास जातो आणि त्याला कळतं एवढंच, की खरा हिवाळा दुसरीकडे कुठेतरी असतो. आपल्या घरात गोठणारी वस्तू आहे की! खोबरेल तेल. ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे सोलापुरातल्या हिवाळ्यात रात्री गोठतं आणि दुपारी आपोआप पातळ होतं. फ्रिज लागत नाही, गॅस लागत नाही. प्रयोग कसा करायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. सामान काय घ्यावं लागेल? खर्च किती?

एकच गोष्ट विकत घ्या: प्रयोगशाळेत वापरतात तो लाल द्रवाचा थर्मामीटर, उणे १० ते ११० अंशांचा. शक्यतो दोन घ्या. पाऱ्याचा नको, फुटला तर मुलांच्या हाती पारा लागतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही. तो माणसाच्या अंगाच्या उष्णतेपुरताच बनवलेला असतो, गरम पाण्यात घातला की बिघडतो. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा घरातला एक थर्मामीटर बिघडल्यावर येतो.

बाकी सगळं घरातलंच: स्टीलचे पेले, सोलापुरी चादर, टॉवेल, फुगे, हळद, दोरा, एक मीटरची सरळ काठी आणि एक वही.

४. दिवसात कोणती वेळ ठेवावी? किती वेळ?

आम्ही विज्ञानाचे तीन तुकडे करतो. सकाळी सात वाजता दहा मिनिटं: तापमान आणि तेलाची वाटी पाहायची. आठवड्यातून एका दुपारी साडेबाराच्या सुमारास दहा मिनिटं: सावली मोजायची. संध्याकाळी, करायचं असेल तर, आकाश. मोठा प्रयोग आठवड्यातून एकदाच, तोही सकाळी दहानंतर, अंगात ऊब आल्यावर. पहाटे कुडकुडत बसवलेलं मूल काहीही शिकत नाही. त्याला आधी उन्हात बसून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊ द्या.

५. अगदी पहिला प्रयोग कोणता करू? मूल सात वर्षांचं आहे.

खोबरेल तेल. एका पारदर्शक वाटीत चार चमचे तेल घ्या, रात्री गच्चीत किंवा खिडकीबाहेरच्या कठड्यावर झाकून ठेवा. सकाळी ते पांढरं घट्ट झालेलं असेल. मग वाटी उन्हात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी मुलाला चित्र काढू द्या. आधी कडा सुटतात, मधे एक पांढरं बेट उरतं, ते हळूहळू लहान होत जातं.

आता खरी गंमत. दुसऱ्या वाटीतल्या पातळ तेलात घट्ट तेलाचा एक तुकडा टाका. तो बुडतो. शेजारी पाण्याच्या पेल्यात बर्फाचा खडा टाका. तो तरंगतो. मुलाला काहीही न सांगता विचारा, "असं का?" बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात, म्हणून त्यांचा घट्ट भाग जड पडतो आणि बुडतो. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. आपल्याला बर्फाची सवय असल्यामुळे तरंगणंच नेहमीचं वाटतं, प्रत्यक्षात पाणीच वेगळं आहे. माझ्या धाकटीने हे कळल्यावर घरातलं तूपसुद्धा पातळ करून तपासलं.

वाटी गोठली नाही तर प्रश्न १७ पाहा.

६. चादरीचा प्रयोग म्हणजे नेमकं काय? सगळे त्याबद्दल बोलतात.

सोलापुरातल्या मुलासाठी याहून जवळचा प्रयोग मला माहीत नाही. प्रयोग दोन भागांत करा.

पहिल्या भागात चार सारखे स्टीलचे पेले घ्या आणि प्रत्येकात साधारण ६० अंशांचं सारखंच पाणी भरा (ओतायचं काम मोठ्यांनी करायचं). एक काही न गुंडाळता उघडा ठेवा. एकाला सोलापुरी चादर गुंडाळा, एकाला टर्किश टॉवेल, एकाला वर्तमानपत्राचे चार थर. चारही पेल्यांवर ताटली ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. तासाभरात वहीत चार वेगळ्या रेघा पडतात. मोठ्या मुलाकडून आलेख काढून घ्या.

मग चादर आणि टॉवेल हातात देऊन जवळून पाहायला लावा. टॉवेलवर सुताचे बारीक बारीक लूप उभे असतात, चादरीची वीण जाड आणि दुहेरी असते. दोन्हींत अडकलेली असते ती हवा. ऊब राखते ती मुख्यतः ही अडकलेली हवाच, सूत तिला धरून ठेवण्याचं काम करतं. हे पटवायचं असेल तर तोच टॉवेल ओला करून, पिळून पुन्हा गुंडाळा. आता हवेच्या जागी पाणी आहे, आणि कोरड्या हवेत ते भराभर उडून पेल्याची उष्णता घेऊन जातं. ओला टॉवेल गुंडाळलेला पेला गार होण्यात उघड्या पेल्यालाही मागे टाकतो.

दुसरा भाग माझा आवडता. मुलाला विचारा, "चादर ऊब देते ना? मग बर्फाच्या खड्याला चादर गुंडाळली तर तो लवकर वितळेल का उशिरा?" लहान मुलं जवळपास हमखास "लवकर" म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात. करून पाहा: चादरीतला बर्फ शेजारच्या उघड्या खड्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. चादर स्वतः काही देत नाही. ती उष्णतेची ये-जा मंद करते, आत माणूस असो वा बर्फ. एक सूचना अनुभवातून: बर्फ आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पहिल्या वेळी मी तसाच गुंडाळला, सूत भिजलं आणि दोन्ही खडे जवळजवळ बरोबरच वितळले.

आपल्या शहरात मागावर काम करणारी माणसं घरोघरी आहेत. ओळखीत कोणी असेल तर मुलाला एकदा माग पाहायला न्या आणि चादर जाड कशी होते ते विणणाऱ्यालाच विचारू द्या. तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत, जसं येईल तसं.

७. स्वेटर काढताना ठिणग्या पडतात, मूल घाबरतं. यातून काही शिकवता येईल का?

नक्की येईल, आणि भीतीही जाते. रात्री खोलीत अंधार करा, ॲक्रिलिकचा स्वेटर झटकन काढा आणि सगळे मिळून ठिणग्या बघा. दाब हजारो व्होल्टचा असतो, पण विद्युतभार इतका थोडा की टोचण्यापलीकडे काही होत नाही. हिवाळ्यात हे जास्त होतं कारण हवा कोरडी असते. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिपातळ थर बसतो आणि भार त्यातून निसटून जातो. सुती सदऱ्याला हे फारसं होत नाही, कारण सूत स्वतःच थोडा ओलावा धरून असतं.

दिवसा करायचं असेल तर फुगा कोरड्या केसांवर घासून पाण्याच्या बारीक धारेजवळ न्या. धार वाकते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा बाटलीला टाचणीने भोक पाडून धार करा आणि खाली बादली ठेवा. ते पाणी झाडांना घाला.

वहीत तारीख टाका आणि हाच प्रयोग जुलैत परत करा. तो तेव्हा फसतो. त्या फसण्यातच त्याचं उत्तर आहे.

८. सावलीची काठी रोज मोजायची का? कंटाळा नाही येत?

रोज मोजली तर येतो. आठवड्यातून एकदा पुरे. गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा, ओळंब्याने तपासा आणि दुपारची सर्वांत लहान सावली खडूने आखा, बाजूला तारीख लिहा. २२ डिसेंबरच्या सुमारास ती जवळपास ८७ सेंटीमीटर भरते, संक्रांतीला ८१च्या आसपास आणि फेब्रुवारी संपताना ४८च्या जवळ. गच्चीवर खडूच्या रेघांची शिडी तयार होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या पायातच लपते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा.

सर्वांत लहान सावली बारा वाजता पडत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास ती साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी पडते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, सोलापूर ७६ अंशांच्या जवळ आहे, आणि एका अंशाला ४ मिनिटं. हा गुणाकार मुलालाच करू द्या. घड्याळ आणि सूर्य वेगळं बोलतात हे माझ्या थोरल्याला काठीनेच पटलं, माझ्या सांगण्याने पटलं नव्हतं.

९. आकाश दाखवायचं आहे, पण मला स्वतःलाच नक्षत्रं ओळखता येत नाहीत.

तीन ताऱ्यांपासून सुरुवात करा. जानेवारीत रात्री आठला पूर्वेकडे तोंड करून वर पाहा. एका रेषेत तीन तारे दिसतील. तो मृगाच्या पोटातला बाण. भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे मृगाचे पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य. तांबूस तारा तुलनेने थंड, निळसर जास्त तापलेला. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, हे आठवून दिलं की मुलांना लगेच कळतं.

बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वरच्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात. मूल साडेआठ-नऊ वर्षांचं असेल तर सांगा, "तू जन्मलास त्या सुमारास निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत शिरतोय." यानंतर आमच्या घरी पाच मिनिटं कोणी बोललं नव्हतं.

जानेवारीअखेर रात्री नऊ-साडेनऊला व्याधाच्या बरोबर खाली, दक्षिण क्षितिजाच्या जरा वर अगस्ती दिसतो. दिल्लीच्या मुलांना तो जेमतेम क्षितिजाला चिकटलेला दिसतो, आपल्याला चांगला हातभर वर. उत्तरेला ध्रुवतारा शोधा आणि हात ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ध्रुव आपल्याकडे पावणेदोन मुठी वर असतो, कारण सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ आहे. म्हणजे मुलाने मुठीने आपल्या गावाचा अक्षांश मोजला. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे हिशेब सगळ्यांना सारखाच लागतो.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव असतो. शहराच्या दिव्यांपासून दूर, पाठीखाली चादर टाकून आडवे व्हा. दुर्बीण नको, तिने आकाशाचा तुकडाच दिसतो.

१०. स्वयंपाकघरात काय काय करता येईल? गॅसजवळ मुलांना नेण्याची भीती वाटते.

गॅस न लागणारं आधी सांगते. दही. एकाच दुधाच्या, एकाच विरजणाच्या चार वाट्या करा: एक ओट्यावर, एक चादरीत गुंडाळून, एक तांदळाच्या डब्यात खुपसून, एक फ्रिजमध्ये. दर दोन तासांनी वाटी तिरपी करून पाहायचं. "थंडीत दही लागत नाही" हे आजी रोज म्हणते, त्यामागे कोमट दुधात जोमाने वाढणारे आणि गारठ्यात मंदावणारे जिवाणू आहेत. फ्रिजमधली वाटी दुसऱ्या दिवशी बाहेर काढून ठेवा. उशिरा का होईना, दही लागतं. म्हणजे जिवाणू मेले नव्हते. मोड आणायच्या मटकीवर हेच करता येतं.

हळद. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. साबणाचं पाणी किंवा चुन्याची निवळी लागली की पट्टी लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या तोंडावर हे करा. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची जोड देऊनच लाल करतात. घरी आलेल्या बायकांसमोर माझ्या मुलीने हे करून दाखवलं आणि त्या दिवशी वाणापेक्षा पट्ट्याच जास्त वाटल्या गेल्या.

गॅसवरचं एकच काम, काटेरी हलवा, आणि ते मोठ्यांच्या हाताने. मंद आचेवर तिळावर पाकाचा थेंब थेंब टाकत हलवत राहिलं की साखरेचे स्फटिक काट्यांसारखे उभे राहतात. मुलाने भिंगातून बघावं, हात लावू नये. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटतो. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी खडीसाखर करावी: एक वाटी पाण्यात अडीच वाट्या साखर उकळून विरघळवा, गार झाल्यावर साखर लावलेला दोरा त्यात सोडा, आठवडाभर हलवू नका. न हलवणं हाच त्यातला अवघड भाग.

११. बाहेर कुठे नेता येईल?

सगळ्यांत आधी हुरड्याला. आगटीभोवती बसून खाताना मुलाला दोन दाणे द्या, एक हुरड्याचा, एक पक्व ज्वारीचा. हुरडा गोड लागतो कारण त्यातली साखर अजून पूर्णपणे स्टार्चमध्ये बदललेली नसते. मग भाकरीचा कोरा तुकडा बराच वेळ चघळायला सांगा. तोही गोड लागायला लागतो, कारण लाळ स्टार्च फोडून पुन्हा साखर करते. मालदांडी ज्वारी पाऊस संपल्यावर पेरतात आणि ती काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मुलाला भेगांत हात घालून खालची माती दाबून बघू द्या.

त्याच रानात संध्याकाळी भोरड्यांचे थवे दिसतात. हजारो पक्षी एकाच वेळी वळतात, जणू एखादी काळी चादर झटकली. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून त्या येतात. ज्वारी खातात म्हणून शेतकरी गोफण घेऊन उभा असतो, आणि त्याच भोरड्या नाकतोडेही खातात. दोन्ही बाजू मुलाला ऐकू द्या, निकाल देऊ नका.

उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी येतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, विरळ हवेतही त्यांचं रक्त प्राणवायू चांगला धरून ठेवतं. नान्नजच्या अभयारण्यात जाणार असाल तर "माळढोक दाखवतो" असं वचन मुलाला देऊ नका. तो आता फारच दुर्मिळ झाला आहे. काळविटांचे कळप मात्र दिसतात, आणि माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पावसाचा दिवस निघाला किंवा धूळ फार असली तर केगावचं विज्ञान केंद्र आहेच.

१२. मी विज्ञान शिकलेली नाही, बारावी कला आहे. मुलाने काही विचारलं आणि मला आलं नाही तर?

"मला माहीत नाही, बघू या" हे वाक्य मुलासमोर मोठ्याने म्हणा. मग खरंच बघा. आमच्या वहीच्या शेवटी "अजून कळलं नाही" असं एक पान आहे. त्यावर आज सोळा प्रश्न आहेत, त्यातले काही दोन वर्षं जुने. मराठीतून बघायचं असेल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी आणि त्यांचे व्हिडिओ मोफत आहेत, बालभारतीची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात.

१३. मुलाला प्रयोग हवा असतो, लिहायला नको. काय करू?

लिहिण्याचा आग्रह अर्धा करा. चित्र, तारीख आणि एक आकडा, एवढंच मागा. त्याआधी मात्र एक गोष्ट सोडू नका: काय होईल याचा अंदाज. तो तोंडी सांगितला तरी चालेल, पण प्रयोगाच्या आधी. चादरीतल्या बर्फाची सगळी मजा अंदाज चुकण्यातच आहे.

१४. दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक बारा. दोघांना एकत्र कसं घ्यायचं?

प्रयोग एकच, काम वेगळं. लहान्याने (गरम पाणी सोडून) ओतायचं, हात लावून "गरम, कोमट, गार" सांगायचं. मोठ्याने मोजायचं, आलेख काढायचा आणि लहान्याला समजावून सांगायचं. समजावताना मोठा अडखळला की त्याला काय कळलेलं नाही ते आपल्याला समजतं.

१५. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते असं वाचलं. मग थंडी कशी?

वाचलं ते खरं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. हा फरक थोडा आहे. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. टॉर्च भिंतीवर सरळ धरा, मग तिरपा धरा. तिरपा उजेड पसरतो आणि फिका पडतो. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्यही सुमारे ४९ अंशांपर्यंतच वर येतो आणि दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. सावलीच्या काठीने (प्रश्न ८) हाच कोन मूल स्वतः मोजू शकतं.

१६. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं का २२ डिसेंबरला? आणि दिवस मोठा होऊ लागला तरी जानेवारीत सूर्य उशिरा का उगवतो?

दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हमखास येतात.

सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो २१-२२ डिसेंबरला. काठीची सावली त्या दिवसापासून आखूड होते, याला पंचांग लागत नाही. मकर संक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर सूर्याने मकर राशीत जाणं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. फार पूर्वी हे दोन दिवस एकत्र होते, आता साधारण २४ दिवसांचं अंतर पडलं आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे नंदीध्वज त्यांच्या ठरल्या दिवशी निघतात, सावली तिच्या वेळेला वळते. मुलाला दोन्हींचा मान ठेवायला शिकवा. आजीशी वाद घालायला हे ज्ञान देऊ नका.

आता सूर्योदय. २२ डिसेंबरला सोलापुरात सूर्य साधारण ६ वाजून ५३ मिनिटांनी उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सातच्या सुमारास. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. कारण सूर्याची खरी दुपार या दिवसांत घड्याळात रोज थोडी थोडी पुढे सरकते: २२ डिसेंबरच्या सुमारास १२:२५, जानेवारीच्या मध्यावर १२:३६. अक्षाचा कल आणि कक्षेचा लंबगोल आकार, दोन्ही मिळून हे होतं. बारा वर्षांखालच्या मुलाला कारण सांगण्याची घाई नको, नोंद ठेवली तरी खूप.

१७. प्रयोग फसला तर? तेल गोठलंच नाही.

ढगाळ रात्री जमिनीची उष्णता ढगांखाली अडकते आणि पहाट उबदार जाते. घराच्या आत, शेगडीजवळच्या फळीवर तेल गोठणार नाही. "खोबरेल" म्हणून मिळणाऱ्या काही सुगंधी तेलांत दुसरी तेलं मिसळलेली असतात, तीही गोठत नाहीत. मुलाला तीन कारणं सांगा आणि नेमकं कोणतं ते शोधायला दोन रात्री द्या. फसलेला प्रयोग वहीतून फाडू नका.

१८. मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की पाणी वर चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून ना?

अनेक ठिकाणी तसंच सांगतात, आणि ते मुख्य कारण नाही. ज्योतीने ग्लासातली हवा तापून फुगते, काही हवा काठाखालून बुडबुडे होऊन बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. पडताळा सोपा आहे: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. शिवाय बहुतेक पाणी ज्योत विझल्यावर झरकन वर येतं, तेही पाहा.

१९. कोणत्या गोष्टी अजिबात करू नयेत?

सूर्याकडे थेट बघू नका, दुर्बिणीतून तर कधीच नाही. भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग मोठं माणूस शेजारी असेल तरच. आणि सर्वांत महत्त्वाचं, थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेत माणूस जातो. हे मुलांना विज्ञान म्हणून शिकवा आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

२०. पुढे परीक्षेचं काय? हे सगळं कुठे धरलं जातं का?

प्रयोगांना वेगळे गुण नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या आहेत. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. राज्य मंडळाकडून १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्याही बसता येतं. अटी आणि तारखा त्या त्या वर्षी मंडळाकडूनच तपासा, कोणाच्या ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

२१. हे प्रयोग कधीपर्यंत चालू ठेवायचे?

आमच्याकडे तेलाची वाटी ठरवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, १९२८ मध्ये त्याच दिवशी रामन परिणाम जाहीर झाला म्हणून. त्या सुमाराला एका सकाळी वाटी उचलली की तेल पातळच सापडतं. सलग तीन सकाळी तसं झालं की धाकटी वहीत तारीख लिहिते, गच्चीवरच्या खडूच्या रेघा मोजून घेते आणि आम्ही वाटी धुऊन ठेवतो. गेल्या तीन वर्षांच्या तिन्ही तारखा वेगळ्या आहेत. का, ते शेवटच्या पानावर सतरावा प्रश्न म्हणून लिहायचं ठरलं आहे.